नानवरची शपथ

आमच्या गावच्या दुकानदाराचं, बोरूबायचं, एक ठरलेलं वाक्य होतं. ते तो मिठाला लावायचा, काडेपेटीला लावायचा, साबणालाही लावायचा. "काय करू एजे, रस्ता." एजे म्हणजे थोरली ताई, मला सगळे तेच म्हणतात. खिंडीतला रस्ता खराब म्हणून साखर महाग, रस्त्यावर दरड कोसळली म्हणून तेल महाग. गावात दुसरं दुकान होतं तोवर आमचा रस्ता एवढा वाईट नव्हता. ते चालवणारी बाई रशियात कामाला गेली, दुकानाला कुलूप लागलं आणि त्याच महिन्यापासून रस्ता बिघडायला लागला.

मी वीस वर्षं सामूहिक शेताच्या कोठारात धान्य तोलत होते. शेत मोडलं, कोठाराचे पत्रे कुणीकुणी नेले, पण माझी एक सवय काही गेली नाही. पोतं दिसलं की मी आधी त्याचं तोंड कुठल्या दोऱ्याने शिवलंय ते बघते. खालच्या गिरणीत उन्हाळ्यात निळा दोरा वापरतात, नवा गहू आला की लाल. त्या वर्षी उन्हाळ्यात एकोणीसशे सोमला मिळणारं पिठाचं पोतं ऑक्टोबरात सव्वीसशे झालं आणि पहिलं बर्फ पडल्यावर तेहतीसशे. मी चष्मा लावून वाकले. दोरा निळा होता.

"बोरूबाय, हे पोतं ऑगस्टमध्ये आलंय," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये खिंडीत बर्फ होतं का रे?"

तो हसला. तोलायचं काम सुटलं तरी एजेंचे डोळे काही निवृत्त झाले नाहीत, असं दुकानातल्या बायकांना म्हणाला आणि माझ्या हातावर एक गोळी ठेवली, पोरांना देतात तशी. दुकानातल्या सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. गोळी चघळत घरापर्यंत आले आणि मग मला स्वतःचाच असा राग आला की ती अंगणात थुंकून टाकली.

बोरूबाय वाईट माणूस नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते. त्याची आई उमसुनाय सहा वर्षं अंथरुणाला खिळली होती आणि तो तिचं सगळं स्वतःच्या हाताने करायचा, बायकोवर ढकलायचा नाही. गावात मयत झालं की खांदा द्यायला तो पहिला. पण दुकानाच्या फळीमागे उभा राहिला की त्याच्यात कोण शिरायचं देव जाणे.

साइराकानचं घर माझ्या घराला लागून. मधे कुंपण नाही, मधे आहे तो तंदूर. तो आम्ही दोघींनी मिळून बांधला, माती तिने मळली, लोकर मी कापून घातली. तीस वर्षं त्यात आमचे नान भाजले जातायत. सोमवारी विस्तव तिचा, गुरुवारी माझा. माझा नवरा गेला तेव्हा आलेल्यागेलेल्यांसाठी तिने तीन दिवस त्या तंदुरात डोकं घालून नान काढले, भुवया जळाल्या तरी उठली नाही. नंतर कितीतरी दिवस ती भुवयांशिवाय हिंडत होती आणि मी तिला बघून रडायचं सोडून हसायची.

तिचा नवरा इशेनाली ड्रायव्हर. छाती जुनी खराब, ट्रक त्याहून जुना. मी दोऱ्याची हकिगत सांगितली तेव्हा तो चहाची वाटी खाली ठेवून म्हणाला, "माझा ट्रक काय फक्त कोंबड्यांना सावली द्यायला उभा आहे का?" खाली शहरात पोतं अजून एकोणीसशेलाच होतं. तेलाचा खर्च सगळ्यांनी वाटून घेतला तर तो पीठ आणून देणार होता. खिंड बंद व्हायच्या आत तीन खेपा मारल्या की गावाचा हिवाळा निघाला असता.

सुचायला हे सोपं होतं. पण मी आमच्या गावाला ओळखते. दोन पोती ट्रकमधून घ्यायची आणि तिसरं लागलं की बोरूबायकडे जाऊन गोड हसायचं, असंच झालं असतं. भाव उतरायचा तर त्याच्या दुकानातलं एकही पोतं हलता कामा नये. शहरातल्या बायका असलं काही फोनवर ठरवतात म्हणे, एकमेकींना निरोप धाडतात आणि कुणी काही विकतच घेत नाही. आमच्याकडे फोन लागतो तो फक्त कबरस्तानाच्या टेकडीवर. म्हणून मी बायकांना साइराकानच्या अंगणात बोलावलं. सोमवार होता. तिने नुकताच काढलेला नान मी तिच्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी वर धरला आणि म्हटलं, यावर बोलू या.

नानवर हात ठेवून बोललेलं आमच्याकडे मागे घेता येत नाही. नवऱ्याशी खोटं बोलतात, मुल्लाशी बोलतात, कोर्टात तर बोलतातच. नान हातात घेऊन कुणी खोटं बोललेलं मी तरी बघितलेलं नाही. तीस-बत्तीस बायकांनी एकेक करून त्यावर हात ठेवला. बोरूबाय उन्हाळ्याचा भाव लावत नाही तोवर त्याच्या दुकानातलं पीठ घरात आणणार नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण तोलारणीला माप पुरं झालं तरी वर मूठभर टाकायची खोड असते. मी पुढे जोडलं: जिच्या घरात ते पीठ येईल, तिच्या घरचा नान आम्ही मोडणार नाही.

आमच्याकडे दारात आलेल्याने नानला तोंड लावल्याशिवाय परत जायचं नसतं. पाणी मागायला आलेली असो, सुई मागायला असो, घरातली बाई नान पुढे करते आणि तुम्ही चिमूटभर का होईना तोडून तोंडात टाकता. भांडायला गेलेली बाईसुद्धा आधी नानला तोंड लावते, मग भांडते. तो न मोडणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

साइराकानने एवढंच विचारलं, "आणि कुणावर वेळ आली तर?"

"वेळ येते म्हणूनच तर तो भाव वाढवतो," मी म्हटलं.

सगळ्यांना ते पटलं. शाळेत गणित शिकवणारी मीरगुल तर म्हणाली की एजेंना मंत्री करायला हवं होतं. मलाही मी जरा मंत्र्यासारखीच वाटले. साइराकानने हात पुसले, नानवर ठेवला आणि शपथ घेतली. मग आम्ही तो नान मोडून तिथेच गरम गरम खाल्ला.

पहिली खेप झाली. लाल दोऱ्याची पोती दारोदार उतरली आणि त्या दिवशी गावात लग्नघरासारखा आवाज होता. बोरूबाय दारात उभा राहून बघत होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, हरला तरी खेळ आवडलाय अशी. दुसऱ्या खेपेला खिंडीत वादळाने गाठलं. चाकांना साखळ्या चढवायला इशेनाली दोन तास बर्फात ट्रकखाली पडून होता. पीठ सुखरूप आलं. तो आला तो खोकत. तिसरी खेप झालीच नाही, डिसेंबरच्या सुरुवातीला हिमकडा कोसळला आणि खिंड बंद झाली. आता एप्रिलपर्यंत आमची दरी म्हणजे आम्ही आणि वरची दोन लहान गावं, बस.

जानेवारी लागला तेव्हा सगळ्यांच्या पिपांचा तळ दिसू लागला. आम्ही गुरांसाठी ठेवलेला जव दळला. त्याची भाकरी पहिल्या दिवशी चवीला बरी लागते, तिसऱ्या दिवशी घशाला ओरखडे काढते. बटाट्यात कोंडा मिसळून आम्ही काय काय केलं ते सांगत नाही. शुक्रवारी तेलात नान तळून गेलेल्यांना वास द्यायचा असतो, तेही बंद पडलं. आपले मेलेलेही शपथेत सामील झाले, असं मी म्हणायचे आणि बायका हसायच्या. पण एकही फुटली नाही. मीरगुलचं धाकटं पोर जवाची भाकरी बघून रडायचं, तरी तिने दुकानाकडे पाऊल टाकलं नाही. बोरूबायचं पीठ छतापर्यंत रचलेलं होतं आणि त्यात उंदीर शिरले होते. मला त्याचा आनंद व्हायचा. पिठात उंदीर शिरल्याचा आनंद झालेली मी, जिने वीस वर्षं उंदरांपासून धान्य राखलं.

इशेनालीचा खोकला छातीतून पाठीत गेला, मग ताप आला. खिंड बंद, म्हणजे डॉक्टर बंद. गावातल्या नर्सने होती नव्हती ती इंजेक्शनं दिली. मी रोज जायची. तो मला बघून म्हणायचा, "काय मंत्रीणबाई, भाव उतरला का?" मी म्हणायची, उतरतोय. एकदा साइराकान पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा त्याने माझी बाही धरली. म्हणाला, मी आयुष्यभर या गावाचं पीठ वाहिलं. माझ्या अंगणातून लोकांना जव खाऊन जायला लावू नका. मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नकोस, वसंतात तिसरी खेप मारायची आहे. हे त्याने साइराकानलाही सांगितलं असणारच. पण मला वेगळं सांगितलं ते का, हे मला तेव्हाही कळत होतं.

तो शुक्रवारी दुपारी गेला.

पुरुषांनी अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा केला, त्यात त्याला निजवलं. वरच्या गावांना घोड्यावरून माणूस गेला. दोन दिवसांत दोनशे माणसं येणार, प्रत्येक जण आधी रडणार, मग जेवणार. घोडी कापायला होती, चहा होता. पीठ नव्हतं. मी माझ्या पिपातलं होतं तेवढं गव्हाचं पीठ घेऊन गेले. सगळ्या बायकांनी तेच केलं, आणि सगळ्यांचं मिळून बादलीभर झालं. त्यातून घरच्या माणसांचंही भागलं नसतं.

साइराकान तंदुरापाशी आली. मी राख काढत होते.

"झूरा, मला चार पोती लागतील," ती म्हणाली. "बायकांना सांग. तीन दिवस ही शपथ बाजूला ठेवू या."

आदल्याच दिवशी बोरूबायचा निरोप आला होता, दोनशे कमी करतो म्हणून. मला तो वाकलेला दिसत होता. आणखी आठवडा, फार तर दोन. आता कुणी चार पोती घेतली की त्याला कळणार की मयताला आम्ही मोडतो. मयत कुठल्या घरात होत नाही? पुढच्या मयताची वाट बघत तो बसून राहील आणि आम्ही जन्मभर तेहतीसशे देत राहू. हे सगळं मी तिला सांगितलं. हिशेबात कुठेही चूक नव्हती. मेलेल्या माणसाच्या बायकोपुढे मी हातात राखेचं फावडं घेऊन बरोबर बोलत होते.

"दोन दिवस कळ काढ," मी म्हटलं.

"तो कळ काढणार आहे का?" तिने तंबूकडे बघितलं.

"माझ्याकडे जव आहे. सगळ्यांकडे आहे. जवाच्या भाकरीवरसुद्धा लोक रडतील, साइरा."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या नवऱ्याच्या वेळी तिने काय केलं ते ती बोलून दाखवील असं मला वाटलं, आणि तिने बोलावं असं फार वाटलं. बोलली असती तर मी मोडले असते. ती वळून तंबूकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात ती बोरूबायच्या दुकानातून बाहेर पडली. इशेनालीच्या मयतासाठी बाजूला ठेवलेले पैसे तिने बोरूबायपुढे ठेवले होते. चार पोती घसरगाडीवर लादली, दोर खांद्यावरून घेतला आणि गावच्या मधल्या रस्त्याने निघाली. मागच्या नाल्याने आली असती तर कुणाला दिसलं नसतं. ती प्रत्येक दारासमोरून आली. दिराने दोर घ्यायचा प्रयत्न केला, तिने दिला नाही. माझ्या फाटकापाशी गाडी बर्फात रुतली. ती ओढत होती आणि मी पडद्यामागून बघत होते. पोत्यांवरचा दोरा निळा होता, तेही मी बघितलं.

संध्याकाळी मीरगुल आणि आणखी काही जणी माझ्याकडे आल्या. काय करायचं, असं विचारत होत्या. मी म्हणाले असते की शपथ मी घातली, मीच सोडवते, तर त्या सुटकेचा श्वास टाकून पीठ मळायला पळाल्या असत्या. मी म्हटलं, रडायला तर जायचंच, ते कोण चुकवतं? खायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मीरगुल म्हणाली, "म्हणजे शपथ आहे तशीच आहे, असंच ना एजे?" मी मान हलवली.

पुरण्याच्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो. तंबूत भिंतीकडे तोंड करून बसलो आणि विलापगीत गात रडलो. मी मनापासून रडले, त्यात खोटं काही नव्हतं. पुरुषांनी इशेनालीला नेलं. बायकांना कबरीपर्यंत जायचं नसतं, आम्ही दस्तरखानाभोवती, जेवणासाठी अंथरलेल्या कापडाभोवती बसलो. नान मधे रचलेले होते, मोठे, तांबूस, मधोमध ठशाची नक्षी. दोन दिवस ती आणि तिची सून मिळून भाजत होत्या. एरवी असल्या वेळी बारा बायका लागतात. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. भुवया जळाल्या होत्या.

मांस वाढलं, आम्ही खाल्लं. चहा घेतला. नानला कुणी हात लावला नाही. वरच्या गावच्या बायकांना काही माहीत नव्हतं, त्यांनी मोडायला सुरुवात केली आणि मग एकेकीच्या लक्षात यायला लागलं की या गावच्या बायका खात नाहीत. माझ्यासमोर एक म्हातारी बसली होती, तिने तोडलेला तुकडा तोंडाजवळ नेला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच परत ठेवला. तिला वाटलं असणार, या घरात काहीतरी अशुभ आहे. पुरुष कबरस्तानातून परतले तेव्हा बायका अशा बसल्या होत्या. त्या पुरुषांत बोरूबाय होता. तो दारात थबकला आणि न मोडलेल्या नानांच्या त्या राशीकडे बघत राहिला.

साइराकान उठली. वरचा नान घेतला, दोन्ही हातांनी धरला, सगळ्यांना सोडून माझ्यासमोर आली.

"झूरा, नानला तोंड लाव," ती म्हणाली.

पाहुण्याला म्हणतात त्याच साध्या आवाजात. तीसजणी माझ्या हाताकडे बघत होत्या. मी चिमूटभर तोडलं असतं तर सगळ्यांनी तोडलं असतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी आता म्हणू शकत नाही, चांगलं कळत होतं. मला हेही दिसत होतं की दारात बोरूबाय उभा आहे. मी तो नान हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत दस्तरखानावर ठेवला.

तिने तो उचलून नीट रचून ठेवला.

तीन दिवसांनी दुकानाच्या दारावर कागद लागला. पोतं एकोणीसशे. लोकांना वाटलं, उंदरांनी त्याला टेकीला आणलं. मी सकाळी मुद्दाम गेले. तो फळीमागे बसला होता, दाढी वाढलेली. रस्ता सुधारला वाटतं, असं काहीतरी टोचून बोलायचं मी वाटेत ठरवलं होतं. त्याने बोलूच दिलं नाही.

"एजे, माझी आई आज ना उद्या जाणार," तो म्हणाला. "तिच्या नानला तोंड लावाल ना?"

मी हो म्हटलं. त्याने मान खाली घातली. म्हणजे जो भाव मी तीन महिने शपथ पाळून, जव खाऊन, पोरं रडवून उतरवू शकले नाही, तो इशेनालीच्या न मोडलेल्या नानांनी एका दुपारी उतरवला. बायका दुकानाबाहेर रांग लावून उभ्या होत्या, मला मिठ्या मारत होत्या. मीरगुलने टेकडीवर जाऊन शहरातल्या बहिणीला फोन केला, आम्ही जिंकलो म्हणून. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक तंदुरातून धूर निघाला. आमच्यातूनही निघाला, गुरुवार होता. मी पहिला गरम नान घेऊन साइराकानच्या दारात गेले. सून बाहेर आली. आई झोपल्यात म्हणाली. पुढच्या सोमवारी तिने विस्तव पेटवला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळं गाव साइराकानकडे गेलं. शपथ पुरी झाली होती, भाव उन्हाळ्याचा होता, कुणाच्याही घरचा नान मोडायला आता हरकत नव्हती. बायकांनी मयताच्या घरी द्यायची पैशांची पाकिटं जाड केली होती आणि प्रत्येकीने वर पिठाची पिशवीही नेली, लाजेपायीच. मी एक आख्खं पोतं नेलं. तिने सगळं दोन्ही हातांनी घेतलं, आशीर्वाद दिले, आत नेऊन ठेवलं. ती काळ्या कपड्यांत होती आणि शांत होती. मला वाटलं, निवळलं.

दस्तरखान मोठा अंथरला होता. मांस होतं, तीन प्रकारचे मुरांबे, साय, लोणी, सुके जर्दाळू, शहरातल्या चकचकीत कागदातल्या गोळ्या. आम्ही बसलो. मुल्लाने प्रार्थना म्हटली, हात तोंडावरून फिरवले आणि सवयीने नान मोडायला हात पुढे केला. हात तसाच राहिला. मग आम्ही सगळ्यांनी बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत दस्तरखानावर नान नव्हता. एक तुकडासुद्धा नाही.

माझ्या अठ्ठावन्न वर्षांत मी असा दस्तरखान बघितला नव्हता. दुष्काळातल्या गोष्टी आजीने सांगितल्या, त्यांतही निदान कोंड्याचा गोळा मधे ठेवलेला असायचा.

कुणाला तरी वाटलं, गडबडीत विसरली. मीरगुल अर्धवट उठून म्हणाली, आणू का आतून? साइराकान चहा ओतत होती. तिने वाटी पुढे सरकवली.

"पीठ आहे घरात," ती म्हणाली. "पण तुम्हाला पुन्हा अडचण नको."

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. चहा ओतत राहिली. मुल्लाने मांसाला हात घातला. आम्ही सगळ्यांनी खाल्लं, कारण न खाऊन काय करणार होतो? लोणी होतं, ते लावायला काही नव्हतं. मी ते चमच्याने खाल्लं. मला ओरडावंसं वाटलं की मी चुकले, मी एकटी चुकले, यांना दे. पण तिथे ओरडले असते तर तेही मंत्र्यासारखंच झालं असतं.

निघताना मी सगळ्यांत शेवटी उठले. बाकीच्या बायका घाईघाईने बूट घालून बाहेर पडल्या होत्या. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि वाट बघत राहिले. ती म्हणेल अशी मला आशा होती. आत पाच-पन्नास पिशव्या पीठ होतं, कालचा एखादा शिळा तुकडा तरी घरात असणारच, तिने तो हातात घेऊन नुसतं म्हणायचं होतं, नानला तोंड लाव. मी दगडासारखा कडक तुकडाही चावला असता. जव चावला असता.

साइराकानने खाली वाकून माझे बूट बाहेरच्या बाजूला तोंड करून सरळ ठेवले.

"वाटेवर बर्फ आहे," ती म्हणाली. "सांभाळून जा."